माईकपुढची रिकामी जागा

2024 च्या सप्टेंबरची 6 तारीख. ती माझ्या पक्की लक्षात आहे, कारण त्या दिवशी हरतालिका होती आणि दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे होते. घरात महालक्ष्म्यांची आवराआवर पडलेली, पोटात उपास, आणि मी मात्र सकाळच्या एसटीनं अर्ध्या तिकिटात नांदेडहून लातूरला निघाले होते. मुलगा तिथं 'नीट'ची दुसऱ्यांदा तयारी करत होता. टेस्ट आहे म्हणून सणाला घरी येणार नाही म्हणाला. मग डबा घेऊन आपणच जायचं. लातूर पॅटर्नच्या आयांना हे वेगळं सांगायला नको.

ट्यूशन एरियातली त्याची खोली तुमच्यापैकी अनेकींनी पाहिलेली असेल. त्याची नसेल तर तसलीच दुसरी. दहा बाय दहा, एक कॉट, एक टेबल, भिंतीवर रसायनशास्त्राचा तक्ता आणि खिडकीतून दिसणारी दुसऱ्या मुलाची खिडकी. दार उघडलं तर पोराचे डोळे लाल. माझ्या काळजात धस्स झालं. टेस्टमध्ये मार्क गेले असतील, कुणाशी भांडण झालं असेल, काय काय मनात येऊन गेलं.

"रडायलास का रे?"

"काही नाही, मम्मी."

पुष्कळ खोदून विचारल्यावर कळलं, की लिंकिन पार्क नावाच्या अमेरिकेतल्या एका रॉक बँडनं रात्रीतून नवी गायिका आणली होती!

मी हसले. खोटं कशाला बोलू, आधी हसलेच. आम्ही इथं उपाशीतापाशी चार तास एसटीत धक्के खात आलो आणि साहेब कुठल्या अमेरिकेतल्या गाण्यापायी डोळे पुसत बसलेत. तसं बोललेही. पोरानं हेडफोन उचलून टेबलाच्या खणात टाकला आणि पुस्तक उघडलं. डब्याला हातसुद्धा लावला नाही. तेव्हा मला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं.

संध्याकाळी चहा पिताना तो हळूहळू बोलायला लागला. या बँडचा गायक चेस्टर बेनिंग्टन. 2017 च्या जुलैत त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं, तेव्हा माझा मुलगा अकरा वर्षांचा होता. म्हणजे त्याला हा माणूस कळला तो गेल्यानंतरच, पुण्याच्या आतेभावाच्या मोबाइलवरून. गाणी ओरडून म्हटलेली, आतली घुसमट बाहेर काढणारी. मला तो सुरुवातीला नुसता गोंगाट वाटायचा. पण पहिल्या वर्षी मार्क कमी पडले, बरोबरचे मित्र कॉलेजात गेले आणि हा त्याच खोलीत मागं राहिला, तेव्हा रात्री दोन वाजता त्याच्या कानात हाच आवाज होता. मी नव्हते, त्याचे पप्पाही नव्हते. आम्ही फोनवर "जेवलास का, किती मार्क पडले" एवढंच विचारत होतो.

"तो ओरडायचा ना मम्मी, तेव्हा मला ओरडावं लागायचं नाही," असं तो म्हणाला. मी महिला मंडळाच्या कामात इतक्या आयाबायांच्या मुलांना समजावत फिरते. माझ्याच घरातलं हे वाक्य ऐकायला मला लातूरला जावं लागलं.

चेस्टर गेल्यावर तीन महिन्यांनी, 27 ऑक्टोबर 2017 ला, बाकीच्यांनी लॉस एंजेलिसमध्ये त्याच्या आठवणीत कार्यक्रम केला. त्यांचं 'नम्ब' हे खूप गाजलेलं गाणं. त्या गाण्याला त्यांनी कुणालाच उभं केलं नाही. रंगमंचावर नुसता माईक ठेवला आणि गाणं समोरच्या हजारो लोकांनी म्हटलं. मुलानं मला तो व्हिडिओ दाखवला. भाषा कळली नाही तरी माझे डोळे भरून आले. माणूस गेल्यावर आपल्याकडे त्याच्या फोटोपुढं ताट वाढतात ना, मला तेच आठवलं.

मग सात वर्षांनी त्या माईकपुढं एमिली आर्मस्ट्राँग नावाची बाई येऊन उभी राहिली. जुन्या चाहत्यांतले बरेच जण खवळले. ड्रम वाजवणाराही त्याच वेळी नवा आला होता, पण त्याच्याविषयी फार कुणी चकार शब्द काढला नाही. (आपल्याकडे तरी तबलजी बदलला म्हणून कोण रडतं?) सगळा राग गाणाऱ्या बाईवर.

आपण बायका मालिका बघतो, म्हणून हा प्रकार आपल्याला अगदीच परका नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये ज्योती चांदेकर गेल्या आणि 'ठरलं तर मग'मध्ये पूर्णा आजी म्हणून पुढे रोहिणी हट्टंगडी आल्या. एवढ्या मोठ्या अभिनेत्री, तरी आमच्या गल्लीत पहिले काही दिवस "त्या त्याच होत्या बाई" हेच चाललं होतं. 'तारक मेहता'मधून दिशा वाकानी 2017 साली गेल्या, तर दयाची जागा कित्येक वर्षं कुणाला दिलीच नाही. पण मालिकेत एक सोय असते. तिथं पात्र वेगळं आणि माणूस वेगळा. पूर्णा आजी कागदावर लिहिलेली आहे, ती दुसऱ्या कुणाला करता येते. बँडमध्ये पात्र कुठलं? गाणारा स्वतःचंच दुःख स्वतःच्या गळ्यानं सांगतो. ते दुसऱ्यानं कसं सांगायचं? माझ्या मुलाचा सवाल हाच होता, आणि तो मला तरी बिनतोड वाटला.

तसं आमच्या घरातही हे एकदा घडून गेलं होतं. माझे वडील 'वऱ्हाड निघालंय लंडनला'चे भक्त. डॉ. लक्ष्मण देशपांडे आपल्या मराठवाड्याचे, विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातले. एकटा माणूस 52 पात्रं उभी करायचा. लातूरच्या आमच्या घरी त्याची कॅसेट होती. ती घासून घासून इतकी वाजवली, की पुढं काय येणार ते आम्हा भावंडांना पाठ असायचं आणि तरी हसू यायचं. आपली बोली, आपल्या घरात बोलतो ती, रंगमंचावर बोलता येते आणि मुंबई-पुण्याची माणसंही तिला हसून दाद देतात, याचं वडिलांना केवढं अप्रूप! 2009 साली देशपांडे गेले. पुढे संदीप पाठकांनी ते नाटक करायला घेतलं. तेही परके नाहीत, आपल्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावचे. मी वडिलांना म्हटलं, चला, तिकिटं काढते. ते नाही म्हणाले. "तो पोरगा चांगलंच करत असंल. पण मला माझं वऱ्हाड पुरे हाय."

मी त्यांच्याशिवाय गेले. पहिली दहा मिनिटं मी नाटक बघतच नव्हते, कॅसेटशी ताडून बघत होते. इथं ते थांबायचे, इथं आवाज असा चढायचा. मग कधीतरी ताडून बघायचं विसरले आणि हसायला लागले. घरी येऊन वडिलांना सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटलं असतं असं नाही, पण मलाच आपण काहीतरी चोरून खाल्ल्यासारखं वाटत होतं.

ही चोरी कसली, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. नवा माणूस वाईट निघाला तर आपल्याला बरंच असतं. "बघा, मी म्हटलं नव्हतं का?" खरी पंचाईत तो चांगला निघाला तरच होते. कारण मग जुन्याशिवायही चालतं हे कबूल करावं लागतं, आणि जुन्याबरोबर आपलीही काही वर्षं बांधलेली असतात. वडिलांची ती कॅसेट म्हणजे देशपांडेंचा आवाज तर होताच, शिवाय आम्ही सगळी भावंडं एका खोलीत झोपायचो ते दिवसही होते. माझ्या मुलाचा चेस्टर म्हणजे रात्री दोन वाजताची ती खोली. नव्या बाईनं ते गाणं घेतलं म्हणजे तिनं त्याची खोलीच घेतली, असं त्याला वाटलं असणार.

परत येताना चाकूर, अहमदपूर मागं टाकून माळेगाव लागलं. खंडोबाची यात्रा आपल्याला ठाऊक आहे. तिथं तमाशाचे फड उतरतात. आमच्या घरच्या बायकांनी कधी तंबूत पाय ठेवला नाही, पण वडील आणि काका यात्रेहून आले की कुठला फड पडला आणि कुठला रंगला याच्या गप्पा आम्ही दाराआडून ऐकायचो. फड बदलला की लोक आधी बोर्ड वाचतात. 1964 साली तुकाराम खेडकर गेल्यावर कांताबाई सातारकर पोरंबाळं घेऊन उघड्यावर पडल्या. पुढं त्यांनी स्वतःचा फड उभा केला, शिवाजी महाराजांसारख्या पुरुषी भूमिका केल्या आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. नंतर मुलगा हाताशी आला, तेव्हा बोर्डावर नाव झळकलं, 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर'. 2021 साली कांताबाई गेल्या. त्या 'सह' शब्दाचं मला फार कौतुक वाटतं. नवा कोण, जुनं कोण, सगळं सरळ सांगून टाकलेलं. फसवणूक नाही.

विलायतेतल्या क्वीन या बँडनंही हेच केलं. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचा पारशी, नाव फारुख बलसारा. आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, पहिला बँड त्यानं तिथंच काढला. 1991 साली तो गेला. पुढं अॅडम लॅम्बर्ट नावाचा तरुण गायक त्यांच्याबरोबर गाऊ लागला, तेव्हा त्यांनी नाव लावलं 'क्वीन + अॅडम लॅम्बर्ट'. ती अधिकची खूण म्हणजे आपला तमाशाचा 'सह'च की! आणि हिंदी सिनेमात याच्या उलट झालेलं आहे. 1971 साली जयकिशन गेले, पण शंकर 1987 पर्यंत, स्वतः जाईपर्यंत, 'शंकर-जयकिशन' याच नावानं संगीत देत राहिले. मला तीही गोष्ट खोटी वाटत नाही. मित्र गेला तरी पाटीवरचं त्याचं नाव पुसायला हात धजावला नसेल.

घरी आल्यावर मी वाचायला लागले. मुलगा ज्यात गुंतलाय ते आपल्याला कळायला नको का? तेव्हा एक गंमत हाती लागली. चेस्टर हा स्वतःच बदली माणूस होता! बँडचं आधीचं नाव झिरो, गायक दुसराच, मार्क वेकफिल्ड. तो सोडून गेला म्हणून 1999 साली चेस्टरला अॅरिझोनातून बोलावलं. पुढल्या वर्षी त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका आली आणि जगभर गाजली. आणि सगळ्या जगाला ठाऊक असलेला बीटल्समधला रिंगो? 1962 साली पीट बेस्टला काढून त्याला घेतलं, तेव्हा लिव्हरपूलच्या पोरापोरींनी क्लबात 'पीटच पाहिजे' म्हणून गोंधळ घातला. त्या मारामारीत बिचाऱ्या जॉर्ज हॅरिसनचा डोळा सुजला. आज पीट बेस्ट किती जणांना आठवतो?

मोठ्या विजयानं मी मुलाला फोन केला. "अरे, तुझा चेस्टरपण कुणाच्या तरी जागेवरच आला होता. मग या बाईनं काय घोडं मारलंय? किती छान गाते बिचारी. तिला एक संधी तर द्या."

पलीकडं थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "मम्मी, तुम्ही काकूंच्या सुनेला दिली होती का?"

मी फोन ठेवला.

आता हे सांगणं भाग आहे. आमचं गुरुवारचं भजनी मंडळ आहे, पंधरा-वीस बायकांचं. मी लग्न होऊन नांदेडला आले तेव्हा मला इथं कुणी ओळखत नव्हतं. काकूंनी हाताला धरून सतरंजीवर बसवलं, टाळ हातात दिला. काकूंचा आवाज जाड, भरदार. त्यांनी अभंग उचलला की मागच्या रस्त्यावरची माणसं थांबायची. 2021 च्या दुसऱ्या लाटेत काकू गेल्या. शेवटचं दर्शनसुद्धा नाही. मंडळ वर्षभर बंदच होतं. पुन्हा सुरू झालं तेव्हा काकूंच्या जागी त्यांच्या सुनेला बसवलं. आम्हीच बसवलं. तिची काही इच्छा आहे का, हेही विचारलं नाही. घरातच गळा आहे म्हटल्यावर दुसरीकडं कशाला जायचं?

पहिल्याच गुरुवारी तिनं काकूंचा नेहमीचा अभंग म्हटला. वर चढताना आवाज फाटला नाही, पण खाली भरलाही नाही. संपल्यावर सगळ्या गप्प. आणि मी, जिला इथं समाजसेविका म्हणतात, जी सासू-सुनांची भांडणं मिटवते, ती मोठ्यानं म्हणाले, "काकूंची सर नाही बाई कुणाला."

मला काकूंची आठवण काढायची होती. तिला काय ऐकू गेलं असेल ते तुम्हाला कळतंच आहे. दोन-तीन गुरुवार ती नुसते टाळ वाजवायला मागं बसली. मग घरी पाहुणे, मग लेकराचं आजारपण, मग यायचीच बंद झाली. आम्ही म्हणालो, आजकालच्या मुलींना आवड नाही. चार वर्षं झाली.

आपण बायका ही शिक्षा किती जणींना देतो! नवीन सून आली की तिची भाजी मेलेल्या सासूच्या भाजीशी लावून बघायची. मुलं आहेत म्हणून दुसरेपणाची आली, तर पहिलीचा फोटो भिंतीवर तिच्याकडं बघत असतो आणि येणारी-जाणारी प्रत्येक जण दोघींना तोलत असते. शाळेत आवडत्या बाईंची बदली झाली की नव्या बाईंचं पहिलं वर्ष वायाच. गेलेल्या माणसाला आपण काही बोलू शकत नाही, मग समोर जी सापडते तिच्यावर काढतो. एमिलीवर रागावलेल्या मुलांना मी काय म्हणून नावं ठेवू? त्यांनी निदान परक्या देशातल्या बाईवर राग काढला. मी शेजारच्या गल्लीतल्या मुलीवर काढला.

पण मुलाचा हट्टही मला पूर्ण चुकीचा वाटत नाही. ज्याला नवं ऐकायचं नाही, त्यानं ऐकू नये. माझ्या वडिलांनी नाटकाला येणार नाही म्हटलं, पण कधी त्या नटाला वाईट म्हटलं नाही. घरी बसून आपली कॅसेट ऐकली. तो त्यांचा हक्क होता. तिकीट काढून जायचं, पहिल्या रांगेत बसायचं आणि मग "त्यांची सर नाही" म्हणायचं, हे मात्र बरोबर नाही.

तो फोन झाल्यावर मी पुष्कळ दिवस काकूंच्या घरावरून नुसतीच जात राहिले. शेवटी यंदा संक्रांतीला वाण घेऊन गेले. सुनेनं चहा केला, काही मनात ठेवलंय असं दाखवलं नाही. मीच विषय काढला, चुकले म्हणाले. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळत एकच गोष्ट सांगितली.

"मामींचा आवाज जाड होता, त्यांना काळी दोन लागायची. पेटी तशीच ठेवली तुम्ही. माझी काळी पाच हाय हो, काकू. मला कुणी विचारलंच नाही."

चार वर्षं आम्ही तिच्या गळ्याला दोष देत होतो. पंधरा-वीस जणींत एकीलाही पेटीची पट्टी बदलावी असं सुचलं नाही, कारण पट्टी बदलली असती तर काकू खरोखरच गेल्या असत्या.

मुलानं एमिलीनं गायलेली नवी ध्वनिमुद्रिका ऐकली म्हणे. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये आली ती. त्यातली नवीन गाणी त्याला बरी वाटली. चेस्टरची जुनी गाणी ती म्हणायला लागली की तो अजून बंद करतो. मी काही बोलले नाही.

येत्या गुरुवारी सुनेनं यायचं कबूल केलंय. काकूंचा तो अभंग म्हणणार नाही, दुसरा म्हणेन, अशी तिची अट आहे. पेटीवाल्या मावशींना काळी पाचची सवय नाही, म्हणून त्या दोन दिवस आधी तिच्याकडं जाऊन बसणार आहेत. मंडळातल्या दोघी मात्र येणार नाही म्हणाल्या. त्यातली एक काकूंची सख्खी बहीण आहे. तिला आग्रह करायचा नाही, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.